जुन्या तेलाचं विरजण

निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत भरमा गाडीवानाची बैलगाडी मागून आली तर कुणाला कळत नसे. बाकीच्या गाड्या वेशीपासून करकरत यायच्या. त्यांची चाकं अशी किंचाळायची की वखारीत पानं निवडणाऱ्या बायका कानात बोटं घालत. भरमाची गाडी गुपचूप यायची. एकदा एका वखारवाल्याच्या पाठीला बैलाचं ओलं नाक लागलं, तेव्हा त्याला समजलं की सदलग्याचा माल दारात आलाय. तो तापला, बोल बोल बोलला. भरमा मान खाली घालून ऐकत राहिला, पण पुढे आठवडाभर ज्याला त्याला तीच गोष्ट रंगवून सांगत होता.

ही सगळी करामत वंगणाची. एरंडेल तेलात जळक्या काडाची काजळी खलून तो ते स्वतः करायचा आणि चाकाच्या आसाला स्वतःच्या बोटांनी लावायचा. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नसे. आणि त्याच्या घरात एक रीत होती, ती त्याने बापाकडून घेतली होती आणि बापाने आजाकडून. आसावरचं जुनं वंगण कधी पुसून टाकायचं नाही. वरची माती, कचरा काढायचा, पण खालचा थर तसाच ठेवायचा आणि त्यावर नवं लावायचं. दह्याला जसं विरजण, तसं नव्या वंगणाला जुनं. "ह्या आसावर माझ्या आज्ज्याच्या हातचं वंगण हाय," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आता हे खरं की खोटं ते तपासायला जाणार कोण? चाक वाजत नव्हतं, एवढं मात्र खरं.

भरमाची बायको तापाने गेली तेव्हा त्यांचा मुलगा नागोजी जेमतेम चालायला लागला होता. लोकांनी भरमाला दुसरं लग्न कर म्हणून फार पिडलं. त्याने 'बघू, बघू' म्हणत सगळ्यांना थकवलं आणि पोराला तंबाखूने ठासलेल्या बोदांमध्ये बसवून गावोगाव हिंडवलं. नागोजी गाडीतच जेवला, गाडीतच झोपला, गाडीतच वाढला. पण त्याचा जीव कधी बैलांत रमला नाही. पेठेत माल न्यायला लॉऱ्या येऊ लागल्या तसा तो आतलं यंत्र बघायला त्यांच्या खाली जाऊन आडवा पडू लागला. लढाई सुरू झाली आणि तो बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. तिथे त्याला फटफटीवरून निरोप पोचवण्याच्या कामावर घातलं. मधल्या एका रजेत त्याचं लग्न झालं. बेळगावजवळच्या कडोलीची गुणाबाई सून म्हणून घरात आली, आणि पंधरा दिवसांत नवरा पुन्हा पलटणीत गेला.

लढाईच्या पाचव्या वर्षी, पाडव्याच्या सुमाराला, नागोजी महिन्याच्या रजेवर आला तो थेट बेळगावहून फटफट करतच. कँपातला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची जुनी फटफटी त्याने साठवलेल्या पगारातून घेतली होती. सगळी गल्ली गोळा झाली. कुणी भोंगा दाबून पाहिला, कुणी आरशात मिशा पाहिल्या. भरमाने मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, खाली उकिडवा बसला आणि विचारलं, "हिचं वंगण कुठं घालायचं रं?"

नागोजीला एवढा आनंद झाला की विचारू नका. बापाने त्याच्या यंत्राबद्दल काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. रजा संपायला दोन दिवस उरले तेव्हा त्याने अंगणात फटफटी उभी केली आणि बापाला धडा द्यायला बसला. आपण परत येईपर्यंत ती जिवंत राहिली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दर महिन्याला एकदा सुरू करायची आणि तिमाहीला तेल बदलायचं.

"उभ्या गाडीचं तेल बदलाय कशाला पायजे?" भरमाने विचारलं.

"उभं ऱ्हाऊन बी तेल कुजतंय, आप्पा. दमट हवा खातंय."

त्याने इंजिन आधी थोडा वेळ चालवून गरम केलं, कारण गरम तेल पातळ होऊन सगळं बाहेर येतं. तेलाच्या टाकीखाली ठेवायला त्याने स्वयंपाकघरातली परात उचलली. गुणाबाईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि फुटकं घमेलं आणून दिलं. मग त्याने पान्याने टाकीच्या बुडाचा बोल्ट सैल केला, शेवटचे आटे बोटांनी सोडवले, आणि काळंभोर तेल घमेल्यात पडू लागलं. आतली बारीक जाळी काढून त्याने ती रॉकेलमध्ये धुतली. बोल्टखाली तांब्याची चकती असते, ती विसरायची नाही, आणि बोल्ट आवळताना पैलवानकी करायची नाही. मग वरून नवं तेल ओतायचं, गाडी सुरू करायची आणि टाकीत तेल फिरून परत येतंय का ते झाकण उघडून बघायचं. झालं.

"एवढंच?" भरमा म्हणाला.

"एवढंच. म्हशीची धार काढायला ह्याच्यापरीस अक्कल लागती."

गंमत म्हणजे ते खरंच होतं. भरमाने दुसऱ्या दिवशी सगळं स्वतः करून दाखवलं आणि कुठे अडला नाही. त्याच्या बोटांना आटे कळत होते, चकती कळत होती. त्याला काय कळत नव्हतं, तर ते घमेल्यातलं आदल्या दिवशीचं काळं तेल. ते गटारात ओतायला नागोजी उठला तेव्हा भरमाने त्याचा हात धरला.

"आरं, चांगलं तेल हाय की. वरचा मळ गाळून घेतला तर..."

"आप्पा, ह्ये तुझं वंगण न्हवं. हितं जुनं तेल म्हंजे निव्वळ मळ. ह्येचा एक थेंब बी आत ठिवायचा न्हाय. नवं तेल मिळालं न्हाय तर एरंडेल घाल, त्ये बी चालतंय. साहेब लोकांच्या शर्यतीच्या गाड्या एरंडेलावरच पळत्यात. पर आधी जुनं सगळं काढायचं. दोन तेलं एकत्र न्हाय करायची." मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून तो हसला आणि बायकोला म्हणाला, "गुणे, तू ध्यान ठेव गं. ह्या म्हाताऱ्याचा हात टाकाय उठायचा न्हाय."

नागोजी गेला. पुढे कळलं की त्याची पलटण आसामकडे, ब्रह्मदेशाच्या वेशीवर आहे. घरात आता सासरा आणि सून, आणि सुनेला दिवस गेलेले.

दर अवसेला भरमा फटफटी सुरू करायचा. अवसेला तो बैल जुंपत नसे, तेव्हा त्याला सगळा दिवस मोकळा. पहिल्यांदा किक उलटून त्याच्या नडगीला असा तडाखा बसला की तो चार दिवस लंगडला, आणि लोकांनी विचारलं तर बैलाने लाथ मारली म्हणून सांगितलं. हळूहळू त्याला ते जमलं. गाडी फटफट करू लागली की तो दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्यासमोर उभा राहायचा, जसा काही पोरगाच त्याच्याशी बोलतोय. गुणाबाई उंबऱ्यात बसून बघायची. रेशनच्या चिठ्ठीवर मिळालेलं पेट्रोल तोलून वापरावं लागायचं, म्हणून थोड्या वेळाने तो ती बंद करायचा. मग दोघांनाही घर जास्तच रिकामं वाटायचं.

नागोजीने ठेवलेला तेलाचा डबा पहिल्यांदा तेल बदललं तेव्हाच संपला. दुसरा काही मिळेना. लढाईमुळे पेठेत यंत्राचं तेल औषधालाही नव्हतं. खंडेनवमी आली. गाडीवानांच्या घरी त्या दिवशी गाडी धुतात, वंगण करतात, आसाला लावतात आणि चाकाला हळदकुंकू वाहतात. भरमाने ठरवलं, फटफटीचंही आजच करायचं. घाण्यावरून त्याने ताजं, स्वच्छ एरंडेल आणलं. मधासारखा त्याचा रंग होता. त्याने इंजिन गरम केलं, बोल्ट काढला, जुनं तेल घमेल्यात घेतलं. जाळी धुतली. सगळं नागोजीने शिकवल्याप्रमाणे. आणि मग तो थांबला.

घमेल्यातलं तेल त्याला फारसं काळं दिसेना. गाडी तर कुठे पळालीच नव्हती, मळायला कारणच काय. त्याने ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, त्यातलं तांब्याभर बाजूला काढलं आणि टाकीत परत ओतलं. त्यावर एरंडेल.

"मामा," गुणाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "त्येनी सगळं काढाय सांगितलंतं न्हवं?"

"आगं, काढलंय की सगळं. ह्ये विरजण. नव्या तेलाला जरा वळख पायजे."

ती पुन्हा काही बोलली नाही. सासऱ्याशी किती वाद घालायचा यालाही काही मर्यादा असते, आणि तिचे पाय सुजले होते. भरमाने गाडी सुरू केली. टाकीत तेल फिरून आलं. त्याने पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं आणि दोघांनी मिळून तिला नमस्कार केला.

मार्गशीर्षात गुणाबाई बाळंतपणासाठी कडोलीला आईकडे गेली. नागोजीचं पत्र आलं की रजा मंजूर झालीय. भरमाने त्या अवसेला पुन्हा तेल बदललं, पुन्हा तसंच, थोडं जुनं ठेवून. पोरगा येणार म्हणून या वेळी त्याने फटफटी राखेने घासून चकचकीत केली.

नागोजी आला तो काळवंडून, गालफडं बसलेली, पण धडधाकट. हातपाय, डोळे, सगळं शाबूत. भरमाने त्याला दारातच चाचपून पाहिलं, बाजारात खोंड बघतात तसं. "आप्पा, पुरा हाय मी," नागोजी म्हणाला. त्या रात्री दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली. पलटणीतल्या गोष्टी नागोजीने फारशा सांगितल्या नाहीत. किती जण परत आले नाहीत एवढंच एकदा बोलला, आणि मग पाणी मागितलं.

बाळंतपणाला अजून आठवडा-दोन आठवडे होते. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बेळगावहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने रस्त्यात थांबून निरोप सांगितला. गुणाबाईच्या आईने, रुक्माबाईने तो पाठवला होता. मुलगा झालाय, दोघं खुशाल आहेत.

नागोजीने अंगात सदरा घातला तो उलटा, तसाच तो फटफटीपाशी धावला. भरमाने त्याला थांबवून सदरा सरळ करायला लावला. नागोजीने टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला.

"एरंडेल?"

"दुसरं काय मिळंना."

"ब्येस केलंस. जुनं सगळं काढलंतंस न्हवं?"

"व्हय रं, काढलंय," भरमा म्हणाला. जेवलास का म्हणून पोराने विचारावं आणि बापाने दोन घास कमी खाऊनही हो म्हणावं, इतक्या सहज म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. विरजण म्हणजे काही जुनं तेल नव्हे.

नागोजी गेला. भरमा गल्लीत साखर वाटत हिंडला.

तवंदीचा घाट नागोजीने व्यवस्थित चढला. घाटात माल घेऊन चाललेल्या गाडीवानांना त्याने हात केला, ओरडून सांगितलं की पोरगा झालाय. वर सपाटीला लागल्यावर त्याने गाडी सोडली, आणि कणगल्याच्या अलीकडच्या उतारावर इंजिन एकाएकी जागीच आवळलं. मागचं चाक फिरायचं थांबलं. फटफटी आडवी होऊन घसरत गेली आणि नागोजी मैलाच्या दगडावर आपटला. एका तंबाखूच्या बैलगाडीत घालून त्याला निपाणीच्या दवाखान्यात आणलं.

भरमा पोचला तेव्हा नागोजी शुद्धीवर होता. डोक्याला बाहेरून फार काही दिसत नव्हतं, पण कानातून रक्त येत होतं, आणि डॉक्टर भरमाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

"माझंच चुकलं, आप्पा," नागोजी म्हणाला. "तेल तर चांगलं हुतं. मीच लई ताणली."

"गप ऱ्हा. बोलू नको."

"पोराचं तोंड बघायची घाई झाली. गुणीला सांग, रागावू नको म्हणावं."

उन्हं कलायच्या आत तो गेला. ब्रह्मदेशाच्या रानात गोळ्यांतून वाचलेला पोरगा, घरापासून दोन-तीन कोसांवर, उतारावर गेला. भरमा रडला नाही. त्याला नुसतं कळेना की आता काय करायचं. नर्सने नागोजीचे बूट त्याच्या हातात दिले आणि तो ते छातीशी धरून बाकावर बसून राहिला.

लोक भेटायला येत. कसं झालं म्हणून विचारत. भरमा सगळ्यांना पोराचेच शब्द सांगायचा, लई ताणली म्हणाला. दुसरं काय सांगणार? शेवटचे शब्द होते ते, त्याने जपून ठेवले होते, जसेच्या तसे देत होता. पण पेठेने ते घेतले आणि आपल्या पद्धतीने वाढवले. मिलिटरीतली पोरं बेफाम असतात. पोरगा झाल्याच्या खुशीत घेतली असणार थोडी. बापानेच सांगितलं की जोरात चालवत होता. हे भरमाच्या कानावर आलं तेव्हा तो पोरावर चिडला, मेलेल्या पोरावर. एकदा रिकाम्या अंगणात मोठ्याने म्हणालाही, "हळू जायाला काय झालंतं तुला?"

मोडकी फटफटी कुणीतरी आणून अंगणात टाकली होती. ती तशी आडवी पडलेली त्याला बघवेना. निदान सरळ उभी तरी कर म्हणून त्याने शामू मिस्त्रीला बोलावलं. शामू पेठेतल्या लॉऱ्या दुरुस्त करायचा, नागोजीचा जुना दोस्त. त्याने फटफटी भिंतीला टेकवली, चाक फिरवून पाहिलं, फिरेना. तेव्हा त्याचं कुतूहल चाळवलं आणि तो पाने घेऊन बसला. एकेक भाग सोडवत गेला. मग त्याने तेलाची नळी काढून भरमासमोर धरली. आत फणसाच्या चिकासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. काडी घातली तर काडी चिकटली.

"भरमाण्णा, ह्यात एरंडेल घातलंतं?"

"व्हय. चालतंय म्हणालता नागोजी."

"चालतंय. एकटं असलं तर चालतंय. ह्यात दोन तेलं हायेत. यंत्राचं तेल आन एरंडेल एका जागी ऱ्हायली की त्येंचा असा डिंक हुतो. उभी गाडी जरा जरा फिरवली तर कळत न्हाय. लांब पळवली, तापली, की नळी तुंबती. मग इंजिनला तेलच पोचत न्हाय, त्ये आवळतंय." शामूने नळी खाली ठेवली. "ताणून चालवली म्हणून असं हुत न्हाय, आण्णा. हळू गेला असता तरी कुठंतरी ह्येच झालं असतं."

भरमाने नळी उचलली. ती नाकाशी नेली. घाण्यावरच्या ताज्या एरंडेलाचा वास अजून त्यात होता. त्याला आठवलं की तांब्याभर तेल परत ओतताना त्याला किती बरं वाटलं होतं.

"मी कुणाला सांगायचा न्हाय," शामू म्हणाला.

"सांग की," भरमा म्हणाला. "सगळ्यास्नी सांग."

पण शामूने सांगितलं नाही, तेव्हा भरमाने स्वतःच सांगायला सुरुवात केली. पेठेतल्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. जुनं तेल कसं ठेवलं, पोराने विचारलं तेव्हा आपण व्हय कसं म्हटलं, नळीत काय निघालं. त्याच्याबरोबर तीस वर्षं गाड्या हाकलेला भावकू उठला आणि त्याने भरमाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आण्णा, लेकाची चूक किती पदरात घेशील? एरंडेलानं कुणी मेलंय व्हय? आपण तान्ह्या पोरांना पाजतोय त्ये."

"भावकू, खरं सांगतोय मी."

"व्हय व्हय. चहा घे."

असंच सगळीकडे झालं. तो जितकं ठासून सांगू लागला तितकी माणसं त्याच्याकडे मायेने बघू लागली. बिचारा म्हातारा, पोराच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून धडपडतोय. एका बाईने तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं, असा बाप कुणाला मिळतो म्हणून. भरमाला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो मान त्याला अंगावर निखारे ठेवल्यासारखा वाटायचा. त्याने आता कुणी शिवी द्यावी म्हणून वाट पाहिली. कुणी दिली नाही. मग तोही गप्प झाला.

पौषाच्या अखेरीला रुक्माबाईचा निरोप आला. गुणाबाई रडत नाही. पोराला पाजते, जेवते, विचारलेल्याला उत्तर देते, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. नवऱ्याचं नाव काढलं की उठून जाते. तुम्ही एकदा या.

भरमा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून निघाला. कणगल्याचा उतार आला तेव्हा त्याने डोळे पायांशी लावले आणि शेजारच्या माणसाला विचारलं, गेला का उतार. त्या माणसाला काही कळलं नाही, पण तो गेला म्हणाला. बेळगावला उतरून भरमा कडोलीपर्यंत चालत गेला. वाटभर तो मनाशी एकच घोळवत होता. सांगायचं की नाही. शामू बोलणार नव्हता. पेठेने त्याचं खरं मानलंच नव्हतं. ह्या पोरीलाही नाही सांगितलं तर ती सासऱ्याला धरून राहील, नातू मांडीवर खेळेल, घर पुन्हा भरेल. त्याच्या म्हातारपणाला दुसरं काही उरलं नव्हतं.

रुक्माबाईने ओसरीवर घोंगडं टाकलं. गुणाबाई बाहेर आली, वाकून नमस्कार केला, आणि पोर सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. भरमाने पहिल्यांदाच त्याला पाहिलं. नागोजीचंच कपाळ. नागोजीसारखीच झोपेत ओठ मुडपण्याची सवय. भरमाने त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं, पोराने ते धरलं, आणि भरमाला वाटलं की आपण काहीही बोलू नये, मरेपर्यंत बोलू नये.

"गुणे," तो शेवटी म्हणाला, "जाताना तो म्हणालता, रागावू नको म्हणावं."

"रागावू नको?" ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पोराचं तोंड बघाय निघालेला माणूस असा जातोय व्हय, मामा? आम्ही काय पळून चाललतो? जरा हळू आले असते तर सांजेपातूर पोचले असते. त्येंना माझी न्हाय, पोराची न्हाय, कुणाची म्हणून फिकीर न्हवती. फटफटीची तेवढी हुती. मी कशी रडू त्येंच्यासाठी? रडायला बसले की रागच येतोय."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भरमाने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. आता गप्प बसलो तर ही पोरगी सगळा जन्म नागोजीवर रागावून काढील, आणि हे लेकरू आईच्या तोंडून बापाबद्दल तेवढंच ऐकेल. आपल्याजवळ नातू राहील आणि नागोजीजवळ काहीच राहणार नाही. हे त्याला स्पष्ट कळलं, आणि फार जिवावर आलं.

"त्यानं ताणली न्हवती, गुणे," तो म्हणाला. "इंजिन आवळलं. शामूनं नळी काढून दावली. दोन तेलांचा डिंक झालता आत. मी जुनं ठिवलंतं."

ती वळली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. जगात ही एकच बाई होती जिला त्याचं बोलणं एका दमात पटलं, कारण खंडेनवमीला ती उंबऱ्यात बसलेली होती.

"म्हंजे त्येंचं चुकलं न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाय. त्यानं निघताना मला इचारलंतं, जुनं काढलंस का म्हणून. मी व्हय म्हणालो."

"त्येंचं चुकलं न्हवतं," ती पुन्हा म्हणाली, स्वतःशीच. "मी सांगितलंतं तुम्हांस्नी, मामा. एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगाय पायजे हुतं."

तिने पुढे होऊन पोर उचललं. हिसकावलं नाही, झोपमोड होऊ नये अशा बेताने उचललं; भरमाच्या बोटाभोवतीची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि आत गेली.

थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं. मोठ्याने, ऊर फुटल्यासारखं, नवऱ्याचं नाव घेऊन. रुक्माबाई चुलीपासून उठून धावली. भरमा ओसरीवर ऐकत बसला. नागोजीला त्याची बायको परत मिळाली, त्याच्यासाठी रडणारं माणूस मिळालं, एवढं तरी आपल्या हातून नीट झालं, असं त्याच्या मनात आलं. तो उठायला गेला. मांडीवर पोराच्या अंगाची ऊब अजून तशीच होती, आणि त्याच्याने उठवेना.